डेट्रॉइटची पेटी, कुर्ल्याची गाडी

जुनी मोटार मोडीत निघाली की पत्रा, इंजिन, काचा, दिवे अशा सगळ्याला गिऱ्हाईक मिळतं. फायरवॉलवर, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्यावर, रिव्हेट मारून बसवलेल्या छोट्याशा पाटीला मात्र कुणी विचारत नाही. बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या गुजरीत, गिअरबॉक्सच्या ढिगांमध्ये, मी वर्षानुवर्षं या पाट्या शोधत आलो आहे. मिळालेली पाटी मी कुणालाही दुसऱ्या गाडीवर चढवायला देत नाही. तसं करणं म्हणजे एका गाडीचं नाव चोरून दुसरीला देणं. मला पाटी हवी असते ती वाचायला. ही गाडी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली तेव्हा तिचा रंग कोणता होता, सीटचं कापड कोणतं होतं, मालकाने जादा पैसे मोजून काय बसवून घेतलं होतं, एवढंच मला जाणून घ्यायचं असतं.

परदेशात या प्रश्नाची उत्तरं कागदावर मिळतात. १९६७पासूनच्या अमेरिकन फोर्डचा क्रमांक कळवला की ती गाडी कोणत्या ऑप्शन्ससह बनली याचा अहवाल घरी येतो. डेट्रॉइटच्या जोडणी-रांगेवर कामगारांना दिलेला सूचनांचा कागद कधी कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला सापडतो, आणि तो सापडला की मालक दिवाळी साजरी करतात. मर्सिडीजचं डेटा कार्ड असतं, जॅग्वारचा दाखला असतो. रोल्स-रॉइसची तर बातच निराळी. डर्बीहून चासी निघायची आणि बॉडी दुसराच कारागीर बांधायचा. त्या प्रत्येक चासीचं कार्ड इंग्लंडमध्ये जपलेलं आहे. मालकाचं नाव, स्टिअरिंगच्या दांड्याचा कल, स्प्रिंगा कशा हव्यात, बॉडी कोणाकडे गेली, हे सारं त्यावर उतरवलेलं असतं. म्हैसूरच्या महाराजांची गाडी आज कुठेही असो, तिची जन्मकथा कुणाला तरी वाचता येते.

माझा जीव अडकलाय तो त्यानंतरच्या काळात बंगळूरच्या डॉक्टर-वकिलांनी घेतलेल्या डॉज, प्लिमथ आणि डीसोटोंमध्ये. त्यांची कार्डं नाहीत, कारण त्या गाड्या गाड्या म्हणून इथे आल्याच नाहीत. त्या पेट्यांमधून सुट्या भागांच्या रूपात आल्या आणि मुंबईत कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जोडल्या गेल्या. कंपनी १९४४ची, जोडणी सुरू झाली १९४७ साली. पेट्या खेपेने निघायच्या, त्यामुळे अमेरिकेत हिशेब राहिला तोही खेपेचा. एकेका गाडीची हकिगत पेटी फोडल्यावर, मुंबईत सुरू झाली.

इथेच गोंधळ होतो. जाणकार म्हणवणारे लोक अमेरिकन माहितीपुस्तक हातात धरून बंगळूरच्या गाडीची परीक्षा घेतात. डॉज किंग्जवे अमेरिकेतल्या डॉजशी जुळत नाही म्हणून तिला ‘जोडजमाव’ ठरवतात. खरं म्हणजे किंग्जवे ही मुळातच परदेशी बाजारासाठी केलेली, डॉजची जाळी लावलेली प्लिमथ. डीसोटो डिप्लोमॅटचंही तेच. या तिन्ही गाड्या काढणाऱ्या क्रायस्लरने ही सोयरीक लपवलेली नाही, ती संकेतातच लिहून ठेवली आहे. युद्धानंतरच्या पहिल्या प्लिमथचा संकेत ‘पी-१५’ आणि तिच्या डिप्लोमॅट बहिणीचा ‘एसपी-१५’. यातला ‘एस’ डीसोटोचा, ‘पी’ प्लिमथचा. ही जोडअक्षरं ज्याला माहीत नाहीत, तो अस्सल गाडीला बदललेली म्हणतो आणि मालकाची झोप उडवतो.

इंजिनाचा क्रमांक पाहायचा तर ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पुढच्या बाजूस, जनरेटरच्या वर एक सपाट उंचवटा असतो. वर्षांचं ग्रीस रॉकेलने सोडवलं की आकडे दिसू लागतात. कधी आकड्यांशेजारी एखादं सुटं अक्षर असतं. सिलिंडर नेहमीच्या मापापेक्षा किंचित मोठे कातले गेले असतील तर ‘ए’, क्रँकची बेअरिंगं किंचित कमी मापाची असतील तर ‘बी’. कारखान्याने आपल्या हातून झालेला फरक स्वतःच ठोकून ठेवला आहे. हा प्रामाणिकपणा मला फार भावतो. आपल्याकडचे कित्येक मेकॅनिक ही अक्षरं पाहत नाहीत, मापाचं बेअरिंग आणतात आणि मग ते का बसत नाही म्हणून हैराण होतात.

पाटी आणि उंचवटा एवढं सांगतात. कापड, रंग, रेडिओ, हीटर यांबद्दल पाटी जवळजवळ गप्प असते. तिथे गाडीलाच विचारावं लागतं. हातमोज्याच्या खणाची पेटी काढली की डॅशबोर्डच्या पाठीवर पहिला रंग सापडतो. तिथे पुन्हा रंग मारायला कुणी जात नाही. हीटरच्या नळ्यांसाठी फायरवॉलला ठेवलेली भोकं झाकणांनी बंद असतील आणि झाकणांवर तोच पहिला रंग असेल, तर त्या गाडीला हीटर कधीच नव्हता. विजेचंही पाहावं. १९५६च्या आधीच्या या गाड्या सहा व्होल्टच्या, आणि बॅटरीचं धन टोक चासीला जोडलेलं. आज बहुतेकांना बारा व्होल्ट करून टाकलंय. वापरायला ते सोयीचं आहे, पण मूळ वायरिंगची वेणी उपटून फेकली की पुरावाच गेला. आणि टायर! पांढऱ्या पट्ट्यांचे अमेरिकन टायर चढवून मिरवणुकीत उभी केलेली कुर्ल्याची डॉज पाहिली की मला वाईट वाटतं. डनलॉपचा बंगालमधल्या साहागंजचा कारखाना १९३६पासून टायर करत होता. टायर, बॅटरी, रंग, सीटचं कापड, देशी मालाचा शिरकाव आधी झाला तो इथेच. तो माल काढून परदेशी बसवणं याला मी जीर्णोद्धार म्हणत नाही.

कुर्ल्याच्या या पाट्यांवर ‘मुंबई’ का आहे, हे शोधताना मी मोटारींपासून दूर, थेट बंगळूरच्याच इतिहासात जाऊन पडलो. कारण त्या पाटीवर ‘बंगळूर’ असायला हवं होतं, निदान तशी वेळ एकदा आली होती.

मोटार कारखान्याचं स्वप्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं. पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअर झालेले, खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवणारे, पुढे म्हैसूरचे दिवाण. वयाच्या पंचाहत्तरीला टेकलेले असताना, १९३५ साली ते युरोप-अमेरिकेतले मोटार कारखाने पाहून आले आणि त्यांनी योजना तयार केली. सोलापूरचे वालचंद हिराचंद तिच्यामागे उभे राहिले. मुंबईत बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने पाठबळाची तयारी दाखवली, पण १९३९च्या अखेरीस मंत्रिमंडळच राजीनामा देऊन मोकळं झालं. वालचंद अमेरिकेत गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी जुळली. मग नजर वळली म्हैसूर संस्थानाकडे. मिर्झा इस्माईल दिवाण होते, संस्थान भागीदारीला राजी होतं, बंगळूरला जमीन होती, वीज होती, कामगार होते.

दिल्लीने आडकाठी घातली. मोटार कारखान्याचा युद्धकार्याला उपयोग नाही, हे कारण. त्याच वेळी मुंबईत जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना, १९२८पासून चालू असलेला, लष्करासाठी ट्रक जोडत होता. म्हणजे जोडणी युद्धाला उपयोगी आणि निर्मिती निरुपयोगी! मला हा युक्तिवाद अजून पटलेला नाही. माझ्या मते तिथे राखला गेला तो परदेशी कंपन्यांचा बाजार.

पुढचं आणखी विलक्षण. अमेरिकेहून परतताना पॅसिफिकवरच्या विमानात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या विमानविक्रेत्याशी पडली आणि विमान कारखान्याची कल्पना निघाली. या कल्पनेला परवानगी मिळाली. तेच वालचंद, तेच संस्थान, तेच शहर. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली, संस्थानाने डोमलूरजवळ सातशे एकर जमीन दिली आणि १९४१मध्ये तिथून पहिलं हार्लो विमान उडालंही. १९४२ साली सरकारने कारखाना ताब्यात घेतला. युद्ध संपल्यावर त्याच छपरांखाली बसच्या बॉड्या आणि रेल्वेचे डबे बनले. म्हणजे पत्रा वाकवणारे हात बंगळूरकडे होते. मोटार मात्र कुर्ल्याला गेली. या सगळ्या खटपटीची तपशीलवार हकिगत वाचायची तर गं. दे. खानोलकरांनी लिहिलेलं वालचंदांचं चरित्र जरूर मिळवावं.

वालचंद एप्रिल १९५३मध्ये गेले. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने शिवडीचा गाशा गुंडाळला, कारण आता सरकारला नुसती जोडणी नको होती. प्रीमियर टिकली. तिने फियाटशीही करार केला होता, आणि पुढची पद्मिनीपर्यंतची कथा वाचकांच्या घरातलीच आहे.

गाडीचं मूळ रूप कोणतं, हा विषय आता हौशी लोकांपुरता उरलेला नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. मूळ म्हणजे कुठलं मूळ, हे ठरवताना अर्जदार इंटरनेटवरची अमेरिकन चित्रं पुढे करतात. माझं मत स्पष्ट आहे. जी गाडी कुर्ल्यात जोडली गेली, तिचं मूळ रूप कुर्ल्याच्या दारातलं. डेट्रॉइटच्या यादीतला हीटर आणून बसवला तर गाडी अस्सल होत नाही, तिच्यातलं खरं तेवढं पुसलं जातं.

बसवनगुडीत एका परिचितांच्या किंग्जवेला असा हीटर नुकताच बसवला होता, आणि तोही हौसेने अमेरिकेहून मागवलेला. झाकणं सुदैवाने डब्यात जपलेली होती. ती मी त्यांना दाखवली, वरचा रंग आणि डॅशबोर्डमागचा रंग शेजारी धरून. त्यांनी हीटर काढला. मग आतून एक पिवळी पडलेली फाइल आणली: म्हैसूर राज्याच्या वेळचं आरसी बुक आणि डीलरचं मूळ बिल. बिलावर गाडीची किंमत वेगळी आणि जादा बसवलेल्या वस्तूंची किंमत वेगळी, ओळीने लिहिलेली. कुर्ल्याच्या गाडीचं कार्ड शोधायचं ते अशा बिलांमध्ये. बंगळूर, बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, सोलापूर, मुंबई, जिथे कुठे वडील-आजोबांच्या डॉज-प्लिमथची, शेव्हरलेची किंवा पहिल्या फियाटची बिलं ट्रंकेत पडली असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. अंकाच्या पत्त्यावर कळवावं. मी येऊन फोटो काढून घेईन, कागद तुमच्याचकडे राहू देत.