समुद्रावर जाताना तिथी विचारा

गेल्या फाल्गुनात आमच्या बचत गटातल्या बारा जणी कोकणात जाऊन आलो. आम्ही देशावरच्या. विहीर, ओढा, धरण ओळखीचं, पण समुद्र बहुतेकींनी पहिल्यांदाच पाहिला.

हरिहरेश्वरला देवळामागून प्रदक्षिणेची वाट पायऱ्या उतरून थेट समुद्रालगतच्या कातळावर जाते. लाटांनी कोरलेला तो खडक बघत, शिंपले वेचत दुपारी बाराला आम्ही तिथं रमलो होतो. मागच्या घळीत पाणी कधी शिरलं, कळलंच नाही. वरून एक कोळीण ओरडली, "अगो बायांनो, पाणी भरतंय, मागे फिरा!" एकमेकींचे हात धरून गुडघाभर पाण्यातून बाहेर आलो. भिजलेली साडी पाय कशी धरून ठेवते, ते तेव्हा समजलं.

मग तिनंच हिशोब शिकवला. पंधरवडा कुठलाही असो, तिथीची पाऊणपट करायची. येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. त्या दिवशी चतुर्थी होती. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे ३ आणि दुपारी ३ च्या सुमारास भरती, आणि मधे सकाळी ९ च्या आसपास ओहोटी. आम्ही गेलो तेव्हा पाणी तीन तास चढत होतं! चंद्र रोज उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज पाऊण तासाने पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एकत्र येते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढतं, कमी उतरतं. त्याला भांग म्हणतात. हिशोब थोडा मागेपुढे होतो, म्हणून गावातल्या माणसाला विचारायचंच. कातळावर जायचं ते पाणी उतरत असताना, आणि पूर्ण ओहोटी झाली की परत फिरायचं. पाण्यात पाय भिजवायचे तर मात्र उलट. उतरतं पाणी आत ओढतं, तेव्हा काठावरच बरं. पावसाळ्यात तर दोन्ही नको.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला उतरलो आणि वेळासला गेलो. इथं मोठी हॉटेलं नाहीत, गावातल्या घरीच उतरायचं. रांधणाऱ्या, वाढणाऱ्या घरच्याच बाया. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसोबत इथं कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. मादी वाळूत शंभराच्या वर अंडी घालते, पिल्लं दीड-दोन महिन्यांनी निघतात. ती उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणून बॅटरी लावायची नाही. उचलून पाण्यात सोडायचंही नाही, स्वतःच्या पायांनी जाऊ द्यायचं. सांजवेळी दोरीमागे उभ्या राहून आम्ही बघत होतो. तळहाताहून लहान पिल्लू लाटेने दोनदा मागे फेकलं, तिसऱ्यांदा गेलं. कुणी बोललंच नाही.

पुढच्या सहलीला आम्ही द्वितीया-तृतीया ठरवली आहे. ओहोटी सकाळी साडेसात-आठला, आणि उधाण नुकतंच झालेलं असल्याने पाणीही लांबवर ओसरलेलं.