दहा सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद

गल्लीत अपघात झाला की दुसऱ्या दिवशी रहिवासी गतिरोधकाची मागणी करतात, आणि तो झाला की महिन्याभरात तोच उखडून टाका म्हणून अर्ज जातात. दोन्ही अर्जांमागचा त्रास खरा असतो. माझे म्हणणे एवढेच आहे की वस्तीतल्या रस्त्यावर गतिरोधक हवाच. पण खडी-डांबराचा जो ढीग आपल्याकडे त्या नावाने ओतला जातो, त्याला गतिरोधक म्हणता येत नाही.

आधी वेगाचे गणित पाहू. ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या चालकाला समोर अचानक मूल दिसले, तर भानावर येऊन ब्रेकवर पाय जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक असतील तर गाडी तेरा-चौदा मीटरांत थांबते. वेग ५० असेल, तर तेवढ्याच अंतरावर ब्रेक नुकता लागू लागलेला असतो. म्हणजे पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसरी जवळजवळ पूर्ण वेगाने धडकते, आणि त्या धडकेची ऊर्जा ३० च्या वेगातल्या गाडीपेक्षा पावणेतीन पटींहून अधिक असते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत साधारण दर पाचवा माणूस पायी चालणारा होता.

वेग फलकाने उतरत नाही, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी पोलीस उभा करता येत नाही. रस्त्याचा आकार मात्र रात्री दोन वाजताही आपले काम करतो. अमेरिकेतील ओकलंड शहरात मुलांच्या अपघातांचा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. घराजवळ गतिरोधक असलेल्या मुलांना आपल्याच वस्तीत गाडीची धडक बसून इजा होण्याची शक्यता निम्म्याहून कमी आढळली. लंडनमध्ये ताशी २० मैलांची मर्यादा घातलेल्या आणि उंचवट्यांसारखे उपाय केलेल्या भागांचा १९८६ ते २००६ या वीस वर्षांचा हिशोब मांडला गेला, तेव्हा अपघातांतील जखमी-मृतांची संख्या सुमारे ४२ टक्क्यांनी घटलेली दिसली.

मग आपल्याकडे तो इतका बदनाम का? कारण आकार चुकतो. ब्रिटनच्या वाहतूक संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स यांनी १९७३ साली निरनिराळे उंचवटे तपासून एक आकार पुढे आणला. आपल्या भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांतही तोच आहे: गाडीच्या दिशेने ३.७ मीटर रुंद, मध्यभागी दहा सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस. एवढ्या लांब उतारावर संपूर्ण गाडी सावकाश चढते-उतरते, ताशी २५ ने गेल्यास फारसे जाणवत नाही आणि वेग वाढवला तर आतला माणूस उसळतो. अर्ध्या मीटरच्या उभट वरवंट्यावर नेमके उलटे घडते. सावकाश जाणाऱ्याला पाठीत हिसका बसतो, आणि मोठी मोटार जोरात नेली तर चाक आपटते, स्प्रिंग दबते, पण गाडीचे धड वर उचलले जाण्याआधीच उंचवटा मागे पडतो. म्हणजे नियमाने चालणाऱ्याला शिक्षा आणि बेफाम चालकाला सूट. स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून, मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या बाईला हा वरवंटा अंधारात दिसला नाही, तर काय होते ते सांगायला नको.

रुग्णवाहिकेचा आक्षेप सर्वांत गंभीर. प्रत्येक उंचवट्यावर तिचे काही सेकंद जातात आणि आतल्या रुग्णाला धक्का बसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच गतिरोधकाची जागा आतल्या रस्त्यांवर, शाळा-दवाखान्यांपाशी आणि लहान रस्ता मोठ्याला मिळतो तिथे आहे, हमरस्त्यावर नाही. राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढण्याचे आदेश केंद्राने २०१६ मध्ये दिले, ते योग्यच होते. पाणी तुंबते ही तक्रारही रास्त आहे, पण कडेला पाण्याला वाट ठेवली की ती मिटते. चालक दोन उंचवट्यांच्या मध्ये पुन्हा वेग घेतात, हेही खरे. त्यासाठी लांब रस्त्यावर ते शंभर-सव्वाशे मीटरवर एकामागून एक हवेत. एकटा गतिरोधक फक्त स्वतःपुरताच वेग कमी करतो.

रंगाकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. काळे-पांढरे पट्टे आणि ४० मीटर आधी सूचनाफलक नसेल, तर चांगला गतिरोधकही खड्ड्याइतकाच घातक. पट्टे पावसाळ्यात पुसतात, म्हणून दर वर्षी रंगवावे लागतात, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद लागते.

तेव्हा वॉर्ड ऑफिसात अर्ज देताना नुसते ‘गतिरोधक बसवा’ असे लिहू नका. रुंदी, उंची, पट्टे आणि फलक यांची मागणी त्यात लिहा, आणि काम झाले की टेप घेऊन ते मोजा. माप चुकले असेल, तर काम पुन्हा करून घ्या.