विम्याचं कार्ड आणि बुडालेला रोज

आरोग्य विम्यात सुधारणा झाल्याची घोषणा आली की दोन ठरलेल्या प्रतिक्रिया उमटतात. गोरगरिबांची दवाखान्याची चिंता मिटली, असं काही जण म्हणतात. हे सगळं विमा कंपन्या आणि खासगी रुग्णालयांच्या भल्याचं आहे, कामगाराच्या पदरात काही पडत नाही, असं दुसरे ठामपणे सांगतात. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत आपल्या देशात या प्रश्नावर बराच पुरावा जमा झाला आहे. त्यासमोर यातलं एकही मत टिकत नाही. मोठ्या आजारात विमा जीव वाचवतो, याला आधार आहे. पण कष्टकऱ्याच्या घराला आजारपणात खरा फटका बसतो तो औषधांच्या बिलांनी आणि बुडालेल्या रोजाने. सुधारणा म्हणून जे काही आपल्यासमोर येतं, त्यातलं फारच थोडं तिथपर्यंत पोचतं.

आधी ‘विम्याने काही फरक पडत नाही’ हा गैरसमज पाहू. कर्नाटक सरकारने २०१० मध्ये गुलबर्गा आणि बेळगाव विभागांत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी वाजपेयी आरोग्यश्री योजना सुरू केली. हृदयविकार, कर्करोग, भाजणं अशा मोठ्या आजारांचा खर्च सरकार देणार होतं. सुरुवातीला योजना राज्याच्या उत्तर भागापुरतीच असल्याने अभ्यासकांना एक दुर्मीळ संधी मिळाली. योजनेच्या हद्दीला लागून अलीकडची आणि पलीकडची गावं, म्हणजे एकसारखी माणसं, एकसारखी गरिबी. फरक फक्त योजना असण्या-नसण्याचा. योजनेत बसणाऱ्या आजारांनी झालेल्या मृत्यूंचं प्रमाण गरीब कुटुंबांत योजना असलेल्या बाजूला ०.३२ टक्के, तर नसलेल्या बाजूला ०.९० टक्के निघालं. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१४ साली हा अभ्यास छापून आला. त्या आजारांवरच्या रुग्णालयीन उपचारासाठी खिशातून जाणारा पैसाही सुमारे एक तृतीयांशाने घटला होता. एवढा फरक डोळ्यांसमोर असताना सरकारी विमा म्हणजे निव्वळ देखावा, असं म्हणणं अन्यायाचं आहे.

त्याच कर्नाटकात दुसऱ्या एका योजनेचा निकाल वेगळा लागला. २००८ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली होती: पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांचं संरक्षण, नोंदणी ३० रुपयांत. दारिद्र्यरेषेच्या वरच्या सुमारे ११ हजार कुटुंबांवर कर्नाटकात या योजनेचा यादृच्छिक प्रयोग झाला. रुग्णालयात जाण्याचं प्रमाण काहीसं वाढलं, पण आरोग्याचे कितीतरी निर्देशक तपासूनही जवळजवळ कुठेच ठळक सुधारणा आढळली नाही. कार्ड वापरायला गेलेल्या अनेकांना ते वापरताच आलं नाही, हे त्यातलं सर्वांत बोचरं निरीक्षण. एकाच राज्यात दोन सरकारी योजनांचे निकाल इतके निराळे का? पहिल्या योजनेत गावोगाव तपासणी शिबिरं घेऊन रुग्ण शोधले गेले आणि त्यांना मोठ्या रुग्णालयापर्यंत नेलं गेलं. दुसरीत कार्ड हाती देऊन पुढचं माणसावर सोडलं. शिवाय पैसे शस्त्रक्रियेलाच मिळणार असतील तर शस्त्रक्रियाच वाढतात. छत्तीसगड आणि बिहारमध्ये याच विम्याच्या आधारे गरीब बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढली गेली, आणि हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तेव्हा विमा आहे की नाही, एवढं विचारून भागत नाही. तो कशाचे पैसे देतो हे विचारावं लागतं.

महाराष्ट्रात हाच प्रश्न महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेला लावून पाहू. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती सुरू झाली, तेव्हा कुटुंबाला दीड लाखाचं संरक्षण होतं. पुढे नाव बदललं, आयुष्मान भारतशी सांगड घातली गेली, संरक्षण पाच लाखांवर गेलं आणि पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांनाही दार उघडलं. ही चांगलीच झेप आहे. पण ‘पाच लाखांचा विमा’ म्हणजे ‘पाच लाखांपर्यंत कोणतंही आजारपण फुकट’ हा समज घातक आहे. योजनेत ठरलेल्या उपचारांची यादी आहे. उपचार त्या यादीत हवा, रुग्णालय अंगीकृत हवं आणि साधारणपणे रुग्ण दाखल व्हायला हवा. प्रत्यक्ष काय घडतं ते रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी उभं राहिलं की कळतं. शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवायचं, डॉक्टरांचं निदान यादीतल्या पॅकेजशी जुळवायचं, पूर्वमंजुरीची वाट पाहायची. अँजिओप्लास्टी असेल तर हा प्रवास बऱ्याचदा सुरळीत होतो. मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाबाची औषधं, तीन आठवडे न जाणारा खोकला, कंबरदुखीसाठी वारंवार काढावे लागणारे एक्स-रे, यांसाठी त्या टेबलावर काही मिळत नाही. बांधकामावरच्या गवंड्याला किंवा कापड दुकानात दिवसभर उभ्या असलेल्या मुलीला वर्षभर सतावतात ते हेच आजार.

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जातो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. मग सुधारणांचा लाभ झाला नाही असं कसं म्हणता? घट खरी आहे आणि स्वागतार्हही आहे. पण हा वाटा आहे, रक्कम नव्हे. याच काळात सरकारचा स्वतःचा आरोग्यखर्च वाढून एकूण खर्चाच्या ४८ टक्क्यांवर गेला, आणि त्यात लसीकरण, सरकारी रुग्णालयं, करोनाकाळातला खर्च असं सगळं येतं. त्यामुळे ही घट विम्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. विम्याइतकाच, किंबहुना त्याहून मोठा फरक उपचार कुठे घेतला याने पडतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत एका वेळच्या रुग्णालयीन उपचाराचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये होता. सरकारी रुग्णालय नीट चालणं हीच गरिबासाठी सर्वांत स्वस्त विमा पॉलिसी आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले. त्या निर्णयाची चर्चा पाच लाखांच्या आकड्याच्या तुलनेत फारच कमी झाली. खिडकीवर औषध शिल्लक असेल तरच त्याचा उपयोग, हेही खरं. तमिळनाडूने नव्वदच्या दशकात स्वतंत्र महामंडळ काढून औषधखरेदी शिस्तीत आणली. ते काम विम्याइतकं दिसत नाही, पण त्याचा लाभ थेट औषधाच्या पिशवीत पडतो.

आता बुडालेल्या रोजाकडे येऊ. नोकरदार वर्गाच्या चर्चेत तो येतच नाही, कारण पगारी रजा त्यांच्या हिशेबात धरलेली असते. रोजंदारीवरच्या माणसाचं बिल विम्याने पूर्ण चुकतं केलं तरी महिनाभराची कमाई गेली की घरभाडं थकतं आणि सावकाराचं किंवा बचत गटाचं कर्ज डोक्यावर बसतं. हा तोटा भरून देणारी एक मोठी योजना आपल्याकडे आहे, आणि तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. राज्य कामगार विमा, म्हणजे पगाराच्या पावतीवर ‘ईएसआय’ म्हणून कापली जाणारी रक्कम. १९४८ चा कायदा, १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरुवात. महिना १८ हजार मजुरी असेल तर कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये आणि मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५ रुपये जमा होतात. त्या ७२० रुपयांत कामगार, त्याची बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांना साध्या तापापासून शस्त्रक्रियेपर्यंतचा उपचार मिळायला हवा, तोही वैयक्तिक खर्चाच्या मर्यादेशिवाय. त्याशिवाय हजेरीची अट पूर्ण असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. ६०० रुपये रोज धरला तर एका दिवसाचे ४२०, तीस दिवसांच्या भरपाईचे १२,६०० रुपये. क्षय, कर्करोग यांसारख्या ठरलेल्या दीर्घ आजारांत हा दर ८० टक्के होतो आणि मुदतही बरीच वाढते. बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण मजुरी. बाजारातल्या नेहमीच्या मेडिक्लेम पॉलिसीत यातलं मजुरीचं संरक्षण नसतं.

‘पण ईएसआयच्या दवाखान्यात जातो कोण?’ हा प्रश्न रास्त आहे. डॉक्टरांच्या रिकाम्या जागा, औषधांचा तुटवडा आणि लांबलेल्या तारखा या तक्रारी जुन्या आहेत. मुंबईत अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला डिसेंबर २०१८ मध्ये आग लागून माणसं दगावली, आणि त्यानंतर ते वर्षानुवर्षं पूर्ण क्षमतेने उभं राहिलं नाही. नियमित हप्ता भरणाऱ्या कामगारांच्या वाट्याला हे यावं, याचा संताप यायलाच हवा. या दुरवस्थेवर २०१५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक उपाय सुचवला गेला होता: कामगाराने ईएसआय किंवा मान्यताप्राप्त खासगी आरोग्य विमा यांपैकी एक निवडावा. ऐकायला हे स्वातंत्र्य वाटतं. पण तरुण, धडधाकट आणि बऱ्या पगाराचे कामगार बाहेर पडले की मागे उरतात ते वयस्कर, आजारी आणि कमी मजुरीचे, आणि निधी आटतो. जो बाहेर जातो त्याच्या हाती मर्यादेची पॉलिसी येते आणि आजारपणातली मजुरी निसटते. कामगार संघटनांनी त्याला विरोध केला, तो योग्यच होता. दवाखाना वाईट चालतो म्हणून हक्क विकून टाकायचा नसतो. दवाखाना चालवून घ्यायचा असतो.

मध्यमवर्गीय पगारदारांच्या बाजूला झालेल्या सुधारणाही न्यायाने तोलायला हव्यात. २०२४ मध्ये विमा नियामकाने आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला. पाच वर्षं सलग हप्ते भरल्यावर, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, माहिती लपवल्याचं कारण देऊन दावा नाकारता येणार नाही, असं ठरवलं. कॅशलेसला एका तासात आणि घरी सोडताना अंतिम मंजुरीला तीन तासांत उत्तर देणं बंधनकारक केलं. पॉलिसीधारकाच्या हिताचे हे नियम आहेत, यात शंका नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, म्हणजे २० हजारांच्या हप्त्यावर ३,६०० रुपये वाचले. मात्र कंपनीने कामगारांसाठी घेतलेल्या सामूहिक पॉलिसीला ही सूट मिळाली नाही, आणि अंगमेहनत करणारा बहुतांश वर्ग वैयक्तिक पॉलिसी घेतच नाही. ‘कंपनीचा विमा आहे’ यावर विसंबणंही धोक्याचं आहे. नोकरी गेली की तो विमा संपतो, आणि बऱ्याचदा नोकरी जाण्याचं कारण आजारपणच असतं. नोकरी सोडण्यापूर्वीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो आणि प्रतीक्षाकाळाचं श्रेयही मिळतं. हे फार थोड्या नोकरदारांना माहीत असतं.

किरकोळ उपचार विम्यात आणले तर दाव्यांचा पूर येईल, असं विमा क्षेत्रातले जाणकार सांगतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच किरकोळ उपचारांचं काम विम्याने करू नये; कामाच्या जागेजवळ सरकारी दवाखाना, मोफत औषधं आणि ईएसआयचा विस्तार यांनी करावं. विस्ताराची जागाही उघड दिसते. ईएसआयची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ ला १५ हजारांवरून २१ हजारांवर गेली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं तिथेच राहिली, मजुरी आणि महागाई मात्र वाढत गेली. परिणामी, मर्यादेच्या जवळ असताना हजार-दोन हजारांची पगारवाढ मिळालेला कामगार चालू अंशदान कालावधी संपला की योजनेबाहेर पडतो. पगारवाढ झाली आणि घरातल्या चौघांचा दवाखाना गेला! २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना स्वेच्छेने येण्याची मुभा दिली आणि धोक्याच्या उद्योगात एक कामगार असला तरी योजना लागू करण्याची तरतूद केली. डिलिव्हरी करणाऱ्या गिग कामगारांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के देण्याचीही तरतूद त्यात आहे. या पैशातून रुग्णालयात भरती होण्याचंच कार्ड मिळालं तर अपघातात हात मोडून दीड महिना घरी बसलेल्या मुलाला बँडेज मिळेल, मजुरी मिळणार नाही. म्हणून या निधीचे नियम होताना आजारपणातल्या मजुरीची मागणी संघटनांनी आताच लावून धरायला हवी.

तोपर्यंत निदान एवढं करा. पगारातून ईएसआय कापली जात असेल तर आपला विमा क्रमांक मागून घ्या आणि दर महिन्याचं अंशदान खरोखर जमा होतंय का, हे ईएसआय महामंडळाच्या संकेतस्थळावर पाहा. ठेकेदाराने भरलं नाही तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. मेडिक्लेमचा दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात, त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.