कीटकांची पेटी आणि घरातले लहान मूल

पहिला पाऊस पडला की कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि संध्याकाळी बाभूळ-कडुनिंबावर गोळा होतात. शेतकऱ्याला ते नकोसे असतात. कृषी पदवीच्या विद्यार्थ्याला मात्र हवे असतात. कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी कीटक पकडून, वाळवून, टाचणीवर लावून त्याला पेटी सादर करावी लागते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतही अशा पेट्या घरांत आणि वसतिगृहांच्या खोल्यांत तयार होतात.

संग्रहामुळे निरीक्षणाची सवय लागते, पीक आणि कीड यांचे नाते कळते. काळजी घ्यावी लागते ती कीटक मारण्यासाठी व टिकवण्यासाठी घरात येणाऱ्या रसायनांची. कारण पेटी ज्या घरात असते, तिथे अनेकदा रांगणारे मूलही असते.

डांबर गोळीचा धोका

पेटीच्या कोपऱ्यात डांबर गोळ्या, म्हणजे नॅप्थलीन, ठेवण्याची पद्धत जुनी आहे. ही गोळी वितळत नाही, थेट वाफ होऊन हवेत मिसळते. खोलीत तिचा वास येतो, याचा अर्थ ती श्वासातून शरीरात जात आहे. शरीरात तिच्यापासून तयार होणारी द्रव्ये रक्तातील लाल पेशींवर आघात करतात. लाल पेशींचे रक्षण करणारे 'जी-सिक्स-पीडी' हे विकर काही जणांत जन्मतःच कमी असते. हा दोष महाराष्ट्रातही आढळतो, मुलग्यांत जास्त, आणि बहुतेक कुटुंबांना त्याची कल्पना नसते. अशा मुलाने एखादी गोळी गिळली तरी लाल पेशी भराभर फुटू लागतात. नवजात बाळांत तर नुसत्या वाफेने, किंवा गोळ्यांत ठेवलेले कपडे घातल्यानेही, कावीळ वाढू शकते.

फसगत होते ती इथेच. गोळी गिळल्यावर पहिल्या दिवशी मूल खेळत असते. एक ते तीन दिवसांनी लघवी काळ्या चहासारखी होते, मूल फिकट पडते, डोळे पिवळे दिसतात, धाप लागते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे आणि गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे. उलटी करवू नये. दूध किंवा तूप पाजू नये; नॅप्थलीन स्निग्ध पदार्थांत विरघळते आणि अधिक शोषले जाते. डांबर गोळीऐवजी कापूर वापरणे हाही उपाय नाही. लहान मुलाने कापूर खाल्ला तर झटके येऊ शकतात.

फ्रीजर पुरेसा आहे

कीटक मारण्यासाठी पूर्वी सायनाइडची बाटली वापरत. तिला घरात मुळीच जागा नाही. हल्ली प्रयोगशाळेत इथिल ॲसिटेट वापरतात, पण ते झटकन पेट घेते. फॉर्मॅलिन तर टाळावेच. त्यातील फॉर्माल्डिहाइड मानवात कर्करोग घडवते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये काढला.

घरी सोपा मार्ग फ्रीजरचा. घट्ट झाकणाच्या डब्यात कीटक घालून, तो डबा पिशवीत बांधून, खाद्यपदार्थांपासून वेगळा दोन दिवस ठेवावा. मग टाचणी लावून सावलीत आठ-पंधरा दिवस वाळवावे. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखावर, फुलपाखराला छातीच्या मध्यभागी लावतात. मऊ अळ्या वाळवल्या की आक्रसतात. त्या 70 ते 80 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात आणि बाटली शेगडीपासून दूर असावी.

महाबळेश्वर-पाटणच्या पावसाळी हवेत पेटीत बुरशी धरते. तिथे सिलिका जेलची पुडी ठेवावी, पण पांढरी. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत कीटक लवकर वाळतात, पण त्यांचे पाय व मिशा सहज मोडतात. कीटकाखाली भुकटी दिसली तर पेटीत दुसरी कीड शिरली आहे, असे समजावे. डांबर गोळीने ही कीड मरेलच असे नाही. पेटी पिशवीत बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवली की काम होते.

मेल्यावरही विषारी

काही कीटक मेल्यावरही त्रास देतात. मूग-उडदाच्या फुलांवर दिसणारा काळा-नारिंगी पट्ट्यांचा हिंगे, म्हणजे ब्लिस्टर बीटल, यातील कँथॅरिडिन वाळल्यावरही टिकते. ते त्वचेला लागले तर फोड येतात, पोटात गेले तर मूत्रपिंडाला इजा होते. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती येणारा, मुंगीसारखा लाल-काळा पेडेरस चिरडला तर कातडी भाजल्यासारखी होते. केसाळ सुरवंट आणि 2022 मध्ये महाराष्ट्रात गाजलेली घोणस अळी यांचे काटेही मेल्यावर टोचतात. असे कीटक चिमट्यानेच उचलावेत, नंतर हात साबणाने धुवावेत, डोळे चोळू नयेत.

कास पठार, कोयना, चांदोली इथल्या संरक्षित भागांत परवानगीशिवाय कीटक पकडता येत नाहीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काही फुलपाखरांनाही संरक्षण दिले आहे. तिथे छायाचित्रावर समाधान मानावे. स्वतःच्या शेतातील किडींचा संग्रह मात्र जरूर करावा. प्रत्येक टाचणीवर गाव, तारीख, पीक आणि पकडणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी असावी. चिठ्ठी नसलेला कीटक अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही. आणि तयार झालेली पेटी झोपण्याच्या खोलीत न ठेवता मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, बंद कपाटात ठेवावी.