सही बदलत गेली, कलम तेच

१९ सप्टेंबर २०२५ च्या शुक्रवारी अध्यक्ष ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली: एच-वन-बी व्हिसाच्या अर्जामागे यापुढे एक लाख डॉलर. अंमल शनिवारी मध्यरात्र उलटताच. ही रक्कम दरवर्षी भरावी लागेल, असं वाणिज्यमंत्री लटनिक यांनी त्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसने खुलासा केला की रक्कम एकदाच आणि फक्त नव्या अर्जांसाठी आहे. पण मधली रात्र कोणी परत देणार नव्हतं. मोठमोठ्या कंपन्यांनी आपल्या माणसांना कळवलं होतं, देशाबाहेर असाल तर आधी परत या, इथे असाल तर हलू नका. सॅन फ्रान्सिस्कोहून निघायच्या बेतात असलेल्या विमानातून लोक सामानासकट उतरले. तिकडे भारतात रविवारी सर्वपित्री अमावास्या होती आणि सोमवारी घटस्थापना. कोणी वडिलांच्या श्राद्धाला गेलेलं, कोणी नवरात्राला. न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीतली एक मुलगी मुंबईहून मिळेल ते तिकीट काढून निघाली आणि दुबईत उतरल्यावर तिला तो खुलासा वाचायला मिळाला.

त्या दोन दिवसांत मला आलेल्या प्रत्येक फोनवर एकच प्रश्न होता, ‘असं एका रात्रीत करता येतं?’ येतं. आणि ते आपल्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षं चाललं आहे. लोकांना त्याचं आश्चर्य वाटावं याचाच मला अधिक त्रास झाला.

संकटकाळात अध्यक्षाने सही करायची आणि कायदेमंडळाने नंतर जागं व्हायचं, हा अमेरिकेचा जुना रिवाज आहे. लिंकन, नागरी युद्ध, गुलामांच्या मुक्तीची घोषणा हे पाठ्यपुस्तकात आहेच. रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये आल्या आल्या देशभरच्या बँका बंद ठेवल्या आणि महिन्याभरात लोकांकडचं सोनं जमा करायला लावलं. निक्सन यांनी १५ ऑगस्ट १९७१ ला नव्वद दिवस पगार आणि किमती गोठवल्या. कार्टर यांनी १४ नोव्हेंबर १९७९ ला इराणच्या संदर्भात जाहीर केलेली आणीबाणी आजही दरवर्षी नव्याने पुढे चालू ठेवली जाते. ओलीस सुटून चार दशकं उलटली तरी तो कागद जिवंत आहे. त्यानंतरच्या दोन दशकांत असे आदेश निघत राहिले, पण त्यांत रेंगाळण्यासारखं मला काही सापडत नाही.

थांबावं लागतं ते दोन ठिकाणी. पहिलं १९ फेब्रुवारी १९४२. रूझवेल्ट यांच्या आदेश क्रमांक ९०६६ मध्ये जपानी हा शब्दही नाही. लष्कराला काही प्रदेश निवडून तिथून कोणालाही हलवता येईल, एवढंच त्यात म्हटलं आहे. त्या वाक्याच्या आधारावर सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं गेलं, आणि त्यांतले दोनतृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. हा आदेश संपल्याचं औपचारिकपणे जाहीर करायला १९ फेब्रुवारी १९७६ उजाडावं लागलं. ते काम फोर्ड यांनी केलं.

दुसरं ठिकाण म्हणजे जून १९५२. त्या महिन्याच्या २ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ट्रूमन यांना बजावलं की कोरियाचं युद्ध चालू असलं तरी पोलादाचे कारखाने निव्वळ आदेशाने ताब्यात घेता येणार नाहीत. अध्यक्षीय अधिकाराच्या मर्यादेबद्दल बोलताना आजही लोक या निकालाकडे बोट दाखवतात. त्याच महिन्याच्या अखेरीस काँग्रेसने ट्रूमन यांचाच नकाराधिकार मोडून काढून स्थलांतराचा नवा कायदा मंजूर केला. त्यात एक कलम बसलं, २१२(एफ). अमुक परदेशी लोकांचा प्रवेश देशहिताला बाधक आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर त्यांना वाटेल तितका काळ तो थांबवता येतो. पोलादाच्या बाबतीत जे दार बंद झालं, तेच माणसांच्या बाबतीत उघडलं. ट्रूमन यांचा त्या कायद्याला विरोध होता तो मुख्यतः देशवार कोट्यांमुळे. या कलमाकडे कोणी फारसं पाहिलंही नाही.

आता मी स्वतः पाहिलेल्या दशकाकडे येते. ते सुरू झालं एका चांगल्या गोष्टीने, आणि ती आठवून आजही वाईट वाटतं. एच-फोर व्हिसावर आलेल्या बायकांना काम करायची मुभा नव्हती. आमच्या आसपास वास्तुविशारद होत्या, दंतवैद्य होत्या, पुण्यात सॉफ्टवेअरच्या टीम सांभाळलेल्या होत्या, आणि सगळ्या वर्षानुवर्षं घरी बसलेल्या. ओबामांच्या काळात त्यांतल्या काहींसाठी, म्हणजे ज्यांच्या नवऱ्यांचं ग्रीन कार्ड रांगेत अडकलं होतं त्यांच्यासाठी, सरकारने नियम केला. आधी मसुदा छापला, लोकांची मतं मागवली, हजारोंनी ती लिहून पाठवली, त्यांना उत्तरं देत अंतिम नियम काढला. २६ मे २०१५ पासून अर्ज सुरू झाले. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत तो नियम मागे घेण्याचं घोषित झालं, न्यायालयात खटलाही चालला. नियम टिकला, कारण तो रीतसर रांधलेला होता. माझ्या माहितीतल्या बायकांचे पगार आजही त्यावर चालतात. त्या संथ, कंटाळवाण्या पद्धतीची आज कोणी आठवणही काढत नाही.

२७ जानेवारी २०१७, तोही शुक्रवारच. सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना नव्वद दिवस प्रवेशबंदी. हवेत असलेली माणसं उतरली तेव्हा नियम बदललेला होता. ग्रीन कार्ड असलेलेही सुरुवातीला अडकले. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर वकील जमिनीवर बसून अर्ज लिहीत होते, आणि दुसऱ्या रात्री ब्रुकलिनच्या न्यायाधीश अ‍ॅन डॉनली यांनी लोकांना परत पाठवायला स्थगिती दिली. त्या आठवड्यात आमच्या मंडळात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. विषय निघाला तेव्हा एक जण म्हणाले, ‘आपला देश त्या यादीत नाही, मग आपण कशाला?’ दुसरे म्हणाले, आपण कायद्याने आलो, रांगेत उभे राहून आलो. माना डोलल्या. पुढे चार आठवडेही झाले नसतील, कॅन्ससमधल्या ओलेथ गावात एका भारतीय अभियंत्याला गोळी घालून ठार मारण्यात आलं. मारेकऱ्याने नंतर दुसऱ्या गावच्या बारमध्ये सांगितलं की आपण दोन इराणी मारले. यादीत आपण होतो की नव्हतो, हे त्याला विचारायचंच नव्हतं.

त्या बंदीला दोनदा नवं रूप देण्यात आलं आणि २६ जून २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती उचलून धरली. निकालपत्रात मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी १९४२ च्या छावण्यांना मान्यता देणारा जुना निकाल चुकीचा होता असं लिहिलं. त्याच निकालपत्रात २१२(एफ) ने अध्यक्षांना फार मोठी मोकळीक दिली आहे, हेही लिहिलं. बातम्यांत पहिली गोष्ट मोठी झाली. आपल्या आयुष्यावर परिणाम करणारी दुसरी होती. आमच्याकडे त्या दिवशी कोणीच त्यावर बोललं नाही.

मग महासाथ आली. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतली बेकारी १४.७ टक्क्यांवर गेली. २२ जूनला आदेश निघाला: एच-वन-बी, एल-वन आणि त्यांच्या कुटुंबीयांपैकी जे देशाबाहेर आहेत आणि ज्यांच्याकडे वैध व्हिसा नाही, त्यांना वर्षअखेरपर्यंत प्रवेश नाही. मुदत पुढे मार्च २०२१ पर्यंत वाढवली. फेब्रुवारीत लग्नाला गेलेली, पासपोर्टवर नवा शिक्का मारून घ्यायला थांबलेली माणसं मार्चमध्येच अडकली होती, कारण वकिलाती बंद होत्या. आता त्यांच्यावर कुलूपही पडलं. घर इथे, गाडी इथे, भाडं चालू, नवरा इथे आणि बायको-मूल नाशिकला. कारण सांगितलं गेलं ते बेकारीचं, आणि आधार होता तेच कलम.

या काळात ज्यांच्याशी माझे वाद झाले, त्यांचं म्हणणं होतं की माणूस बदलला की सगळं बदलेल. नोव्हेंबरात माणूस बदलला. बायडेन यांनी पहिल्याच दिवशी २०१७ ची बंदी रद्द केली, त्याचा आनंद मलाही झाला. ३० एप्रिल २०२१ ला त्यांनीच सही केली आणि ४ मेपासून, आधीच्या चौदा दिवसांत भारतात राहिलेल्या परदेशी लोकांना अमेरिकेचं दार बंद झालं. पुन्हा २१२(एफ).

ते दिवस महाराष्ट्रात कसे होते, हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. प्राणवायू नाही, खाटा नाहीत, स्मशानात रांगा. त्या आठवड्यांत इथल्या किती तरी मुलांच्या आईवडिलांनी डोळे मिटले. जायचं की नाही, हा निर्णय प्रत्येकाला एकट्याने घ्यावा लागला. गेलं तर परत येता येईल की नाही, नोकरी राहील की नाही, व्हिसाची मुदत कुठल्या महिन्यात संपते. नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना, त्यांच्या जोडीदारांना, इथे जन्मलेल्या लहान मुलांच्या आईवडिलांना सूट होती. म्हणजे त्याच विमानात शेजारी बसलेला, तोच विषाणू घेऊन येऊ शकणारा माणूस आत येत होता. सूट असलेल्यांच्याही पासपोर्टवरचा शिक्का जुना झालेला असेल तर नवा देणाऱ्या खिडक्या बंदच होत्या. काही जण तिसऱ्या देशात जाऊन चौदा दिवस काढून परतले. ज्यांना ते परवडत नव्हतं, ते गेलेच नाहीत. आमच्या ओळखीतल्या, साताऱ्याच्या एका मुलाने वडिलांना फोनच्या पडद्यावर अग्नी दिलेला पाहिला. चुलतभावाने फोन धरला होता. त्या मुलाला नंतर अनेक महिने मी भेटत राहिले, आणि तो पुन्हा पुन्हा तारखांचाच हिशेब करायचा: २९ ला निघालो असतो तर? ही बंदी ८ नोव्हेंबर २०२१ ला उठली.

आणि इथे मला सगळ्यात जास्त राग आहे. २०१७ ला ज्यांनी विमानतळांवर फलक धरले, २०२० ला ज्यांनी ट्रम्प यांना क्रूर म्हटलं, त्यांतले बरेच या वेळी गप्प बसले. सरकार आपलं होतं. आमच्या मंडळातून एक पत्रही गेलं नाही. प्राणवायूच्या यंत्रांसाठी आम्ही पैसे जमवले, त्याचा मला अभिमान आहे. पण ज्या सहीमुळे मुलं आईवडिलांपर्यंत पोचू शकली नाहीत, त्या सहीबद्दल बोलायला आम्ही कचरलो.

काँग्रेसला मी यातून सोडत नाही. नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे एक लाख चाळीस हजार, आणि कोणत्याही एका देशाला त्यांतली सात टक्के, ही १९९० च्या कायद्याची मर्यादा आजही तशीच आहे. ती काढण्याचं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपला वेगळा मसुदा एकमताने पास केला. दोघांचा मेळ घालायला वेळ उरला नाही, आणि विधेयक मेलं. इतकी वर्षं तात्पुरत्या व्हिसावर काढावी लागतात म्हणूनच एकेका आदेशाने माणसं उन्मळून पडतात. २० जानेवारी २०२५ चा जन्मसिद्ध नागरिकत्वाबद्दलचा आदेश पाहा. आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर इथे जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व नाही, असं त्यात म्हटलं आहे. सिअ‍ॅटलच्या न्यायाधीशांनी तीनच दिवसांत त्याला रोखलं, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पण त्या फेब्रुवारीत बाळंतपणाच्या तारखा अलीकडे आणता येतील का, असं डॉक्टरांना विचारणाऱ्या मुली होत्या. त्यांचे नवरे दहा-दहा वर्षं इथे कर भरत आले आहेत.

या कलमाला लगाम घालायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. ‘नो बॅन अ‍ॅक्ट’ नावाचं विधेयक होतं. प्रवेशबंदी घालायची तर ठोस पुरावा द्या, ती मर्यादित ठेवा, मुदत सांगा, काँग्रेसला कळवा, असं त्यात होतं. प्रतिनिधीगृहाने ते जुलै २०२० मध्ये पास केलं. पुन्हा २१ एप्रिल २०२१ ला केलं, २१८ विरुद्ध २०८. भारतावरच्या बंदीवर बायडेन यांची सही झाली ती त्यानंतर नऊ दिवसांनी. सिनेटने ते विधेयक मतालाच घेतलं नाही. त्या नऊ दिवसांत आणि त्यानंतरच्या महिन्यांत आपल्या सिनेटरच्या कार्यालयात फोन करून या विधेयकाबद्दल विचारलेला एकही मराठी माणूस मला भेटलेला नाही.

२०२६ च्या नोव्हेंबरात प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ आणि सिनेटच्या एकतृतीयांश जागांची निवडणूक आहे. एडिसनमध्ये, आमच्या आजूबाजूच्या गावांत, उमेदवार आता गणपतीला येतात, दिवाळीला येतात, आरतीला उभे राहतात, फोटो काढतात. त्यांच्याकडून एक लाख डॉलरबद्दल हळहळ ऐकून घेण्यात मला रस नाही. मतदानाचा हक्क असलेले आपण हजारोंनी इथे आहोत, आणि आपल्या घरात, आपल्या भाड्याच्या खोल्यांत, आपल्या मंडळाच्या ढोलपथकात व्हिसावरची मुलं आहेत. उमेदवार पुढच्या वेळी मंडपात आले की त्यांना विचारायचं: २१२(एफ) ला मुदत आणि पुराव्याची अट घालणारं विधेयक पुन्हा आलं तर तुमचं मत कुठे पडेल, आणि अध्यक्ष तुमच्या पक्षाचे असले तरी तिथेच पडेल का?