"मीन्स?" च्या पुढे काय?

समोरच्याचं बोलणं कळलं नाही की मराठीत आपण एका शब्दात काम भागवतो: "म्हणजे?" इंग्रजीत बोलताना त्याचंच "मीन्स?" होतं. आपल्याकडे ते चालून जातं. पण परदेशी गाइडला किंवा मुलाखत घेणाऱ्याला हे वाक्य अर्धवट वाटू शकतं. मग ओशाळून आपण "येस, येस" म्हणतो, आणि इथेच घोळ सुरू होतो.

न कळणं ही इंग्रजी कच्चं असण्याची खूण नाही. संवादाच्या अभ्यासात अशा विचारण्याला 'रिपेअर' म्हणतात, म्हणजे बोलण्याची डागडुजी. शेग्लॉफ, जेफरसन आणि सॅक्स यांचा यावरचा पायाभूत पेपर १९७७ चा. पुढे २०१५ मध्ये मार्क डिंगेमान्से आणि सहकाऱ्यांनी १२ भाषांमधल्या रोजच्या गप्पांची रेकॉर्डिंग्ज तपासली. सरासरी दर १.४ मिनिटांनी कुणीतरी समोरच्याला असं काहीतरी विचारत होतं! तेही आपापल्या भाषेत बोलताना.

हे विचारणं तीन प्रकारचं असतं. समजा, गाइड म्हणाले, "रन द कंट्रोल अगेन."

१. खुला प्रश्न: "सॉरी?" यातून नेमकं काय अडलं ते त्यांना कळत नाही. ते बहुधा तेच वाक्य पुन्हा म्हणतील.

२. नेमका प्रश्न: "विच कंट्रोल?" आता अडचण एका शब्दावर आली.

३. पडताळणी: "यू मीन द निगेटिव्ह कंट्रोल?" त्यांना फक्त हो किंवा नाही म्हणायचं आहे.

त्याच अभ्यासात दिसलं की, माणसं शक्य तितका नेमका प्रकार निवडतात, कारण त्यात समोरच्याचे कष्ट वाचतात. आपणही तेच करायचं. ऐकूच आलं नसेल तर पहिला, थोडं कळलं असेल तर दुसरा, अंदाज असेल तर तिसरा.

एक सावधगिरी. नुसतं "व्हॉट डू यू मीन?" जरा चढ्या आवाजात गेलं तर आव्हान दिल्यासारखं वाटतं. त्याला शब्द जोडा: "व्हॉट डू यू मीन बाय 'रोबस्ट' हिअर?" आता प्रश्न माणसाला नाही, शब्दाला आहे.

मीटिंग संपताना एक वाक्य ठेवाच: "सो, आय विल रिपीट ओन्ली द निगेटिव्ह कंट्रोल, राइट?" दहा सेकंद लागतात. न विचारता चुकीचा प्रयोग केलात, तर आठवडे जातात.