दहा इंची चाके आणि बर्फाचा घाट

जानेवारी १९६४मध्ये मोंते कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन यांची लाल मिनी कूपर पहिली आली. आल्प्स पर्वतातले बर्फाळ घाट ओलांडणाऱ्या या शर्यतीत तिच्यासमोर बो ल्युंगफेल्ट यांची आठ सिलिंडरांची फोर्ड फाल्कन होती. निव्वळ घड्याळ पाहिले तर घाटांच्या टप्प्यांत फाल्कनच वेगवान ठरली होती. मात्र त्या काळच्या नियमांत इंजिनाच्या आकारानुसार सवलत मिळत असे आणि तिने पारडे मिनीकडे झुकवले. त्यामुळे प्रश्न उरतोच : चिमुकली मिनी खरोखर बर्फातली गाडी होती, की नियमांनी तिला तारले?

उत्तराची सुरुवात रस्त्यापासून करावी लागेल. कोरड्या डांबरावर टायरची पकड ०.८ धरली, तर दाबून बसलेल्या बर्फावर ती साधारण ०.२ आणि गुळगुळीत हिमावर ०.१ एवढीच उरते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत डांबरावर सुमारे १२ मीटर जाईल, बर्फावर ४९ आणि हिमावर ९८. पकडच नसेल, तर इंजिनाची जास्तीची ताकद चाके जागच्या जागी फिरवण्यातच वाया जाते. बर्फात महत्त्वाचे ठरते ते ताकद कोणत्या चाकांना मिळते आणि त्या चाकांवर वजन किती आहे, हे.

१९५६च्या सुएझ पेचातून उद्भवलेल्या पेट्रोलटंचाईनंतर अलेक इसिगोनिस यांनी मिनीची आखणी केली. १९५९मध्ये ती बाजारात आली. जागा वाचावी म्हणून त्यांनी इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स त्याच्या खाली घेतला आणि पुढची चाके चालती केली. चाके अवघी दहा इंचांची. हेतू होता चार माणसांना ऐसपैस बसता यावे, हा. पण त्यामुळे इंजिनाचे वजन नेमके गाडी ओढणाऱ्या चाकांवर आले. हीच रचना स्वीडनच्या साब ९६ची. एरिक कार्लसन यांनी ती दोन-स्ट्रोक गाडी घेऊन १९६२ आणि १९६३ अशी सलग दोन वर्षे मोंते कार्लो जिंकली होती.

या गाड्या चालवायची रीतही वेगळी. चाके आपोआप अडकू न देणारे ब्रेक तेव्हा नव्हते. जोरात ब्रेक दाबला की चाके अडकतात, आणि अडकलेले पुढचे चाक वळत नाही. म्हणून स्कँडिनेव्हियाच्या चालकांनी डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्याने ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबण्याची पद्धत रुळवली. पुढची चाके इंजिनाच्या जोराने फिरत राहतात, हलकी मागची चाके मात्र घसरतात आणि गाडीचे नाक वळणात शिरते.

१९६५ साली कसोटी लागली. हिमवादळात २३७ पैकी बहुसंख्य गाड्या वाटेतच अडकल्या. टिमो मॅकिनेन आणि पॉल ईस्टर यांची मिनी रस्त्यावरच्या प्रवासात वेळेचा एकही दंड न घेता पोहोचली आणि जिंकली. शंका फिटली. १९६६मध्ये पहिल्या तीन मिनी दिव्यांच्या नियमावरून बाद झाल्या, तो वाद आजही निघतो. १९६७मध्ये राउनो आल्टोनेन यांनी पुन्हा मिनीतूनच विजय मिळवला.

दोष नव्हते असे नाही. मिनीचा डिस्ट्रिब्युटर पुढच्या जाळीच्या लगेच मागे. उडालेले पाणी त्यात शिरले की इंजिन अडखळते. थंडीत तेल घट्ट होते, बॅटरीचा जोर ओसरतो आणि चोक ओढून इंजिन जागे करावे लागते.

पण जुन्या गाडीचा खरा शत्रू बर्फ नव्हे, मीठ. रस्त्यावर मीठ टाकले की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि बर्फ वितळतो. उरलेले खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने लोखंड गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया वेग घेते. मुंबईच्या समुद्रकाठी गाडी ठेवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. मिनीला वेगळी चौकट नाही. पत्र्याचे अंगच भार पेलते. दाराखालच्या पोकळ पट्ट्या आणि मागच्या चाकांची उपचौकट आतून सडली, तर बिघडते ती गाडीची ताकद, केवळ शोभा नव्हे. त्यामुळे बरेच मालक हिवाळाभर गाडी बाहेर काढत नाहीत. काढणारे पोकळ भागांत मेण भरतात आणि परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुतात.

तरीही १९९८पासून मोनॅकोचा ऑटोमोबाइल क्लब जुन्या गाड्यांची रॅली भरवतो, आणि पूर्वी या शर्यतीत धावलेल्या प्रकारच्या गाड्या १६०७ मीटर उंचीच्या तुरिनी घाटाकडे निघतात. झाकून ठेवलेली मिनी अधिक वर्षे टिकेल, यात शंका नाही. पण वजन पुढे, चाके लहान आणि डावा पाय ब्रेकवर, या तिन्हींचा मेळ कसा बसत होता, हे संग्रहालयात उभ्या गाडीकडे पाहून कळत नाही. ते ज्ञान चालवणाऱ्याच्या पायांत राहते, आणि गाडी बर्फात उतरत राहिली तरच पुढच्या पिढीकडे जाते.